खोट्या नाण्याचा तोटा शेवटच्याच माणसाने का सोसायचा?

बँकेच्या काउंटरवर माणूस नोटांचं बंडल सरकवतो, कॅशियर ते मशीनमध्ये टाकतो, मशीन मध्येच थांबतं आणि एक नोट बाजूला येते. कॅशियर ती उजेडात धरून बघतो, बोटांनी चाचपतो, शेजारच्याला दाखवतो आणि मग तिच्यावर शिक्का बसतो. नोट जप्त. बदल्यात फार तर एक पावती मिळते की अमुक नंबरची नोट बनावट निघाली म्हणून ठेवून घेतली आहे. पैसे मात्र मिळत नाहीत. भारत असो, इंग्लंड असो, अमेरिका असो की युरो वापरणारे देश, नियम सगळीकडे हाच आहे की ज्याच्या हातात खोटं चलन सापडलं त्याचा तोटा. ज्याने छापलं तो कुठेतरी लांब, ज्याने पहिल्यांदा चालवलं तोही लांब, मधले दहा-वीस जण न कळत किंवा कळूनही सुटले, आणि जो सरळपणे ती नोट बँकेत घेऊन आला तोच नेमका अडकला.

हा नियम इतका अंगवळणी पडलाय की तो असाच का, हे कोणी विचारत नाही. मला तो अन्यायाचा वाटतो, आणि शिवाय खोटं चलन थांबवायच्या कामात तो आडवा येतो असंही वाटतं. का ते सांगतो, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल, कारण नाणी सुधारण्याचा जो काही इतिहास आहे ना त्यात भांडण फिरून फिरून एकाच जागी येऊन थांबतं. वाईट नाणं बाजारातून काढलं पाहिजे हे सगळ्यांना मान्य असतं, पण ते काढताना जी तूट येते ती कोणाच्या खिशातून जाणार?

अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी ३७५ च्या सुमाराला एक कायदा झाला, तो दगडावर कोरलेला १९७० मध्ये तिथल्या जुन्या बाजारचौकाच्या उत्खननात सापडला. त्यात असं आहे की बाजारात सराफांच्या टेबलांमध्ये एक सरकारी पारखी बसेल, तो सरकारच्याच मालकीचा गुलाम असायचा, आणि कोणी नाणं आणलं की त्याने ते तपासायचं. चांदी अस्सल निघाली तर ते नाणं कोणत्याही दुकानदाराला घ्यावंच लागेल, नाकारलं तर त्याचा त्या दिवसाचा माल जप्त. आत तांबं किंवा शिसं निघालं तर पारख्याने जागच्या जागी त्या नाण्यावर घाव घालून ते कापायचं आणि ते देवीच्या मालकीचं म्हणून जमा करायचं. पारख्याने कामात हयगय केली तर त्याला ५० फटके. व्यवस्था किती विचार करून केली आहे बघा, विक्रेत्याचं काय, पारख्याचं काय, त्याच्या पगाराचं काय, सगळं त्यात आलंय. पण कापलेलं नाणं ज्याचं होतं तो माणूस मोकळ्या हाताने घरी गेला. म्हणजे आज मशीनसमोर उभा असलेला माणूस चोवीसशे वर्षं त्याच जागी उभा आहे.

आता तुघलकाकडे येऊ. आपल्याकडे कोणाचा निर्णय वेडगळ वाटला की लगेच ‘तुघलकी कारभार’ म्हणतात आणि त्यात राजधानी हलवण्याबरोबर ही तांब्याच्या नाण्यांची गोष्ट हमखास येते. साधारण १३२९-३० मध्ये महंमद बिन तुघलकाने तांब्या-पितळेची नाणी काढली आणि हुकूम केला की ही चांदीच्या टंक्याच्या भावाने चालतील. कल्पना मुळात वेडी नव्हतीच. चीनमध्ये कुबलाई खानाच्या कागदी नोटा चालल्या होत्या, इराणमध्ये १२९४ ला तसाच प्रयोग फसलाही होता, आणि आज आपण जे वापरतो ते सगळं चलन त्याच तत्त्वावर चालतं, म्हणजे वस्तूची किंमत कमी आणि त्यावरच्या सरकारी शब्दाची किंमत जास्त. चूक झाली ती कारागिरीत. नाण्यावर मजकूर होता की जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो ईश्वराची आज्ञा पाळतो, पण ते नाणं असं होतं की कोणत्याही बऱ्यापैकी तांबटाला किंवा सोनाराला त्याचा ठसा घरी बनवता यावा. आणि तांब्याच्या तुकड्याची चांदी होत असेल तर लोक करणारच. त्या काळचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो की हिंदूंचं प्रत्येक घर टांकसाळ झालं. बरनीचा हिंदूंवरचा राग त्याच्या लिखाणात जागोजागी दिसतो त्यामुळे ‘हिंदूंचं’ हा भाग मी बाजूला ठेवतो, पण घरोघरी नाणी पडत होती हे मानायला काही अडचण नाही, कारण फायदाच तेवढा होता.

तिथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पुढची मात्र फारशी कोणी सांगत नाही. तीनेक वर्षांत सुलतानाला कळलं की हे चालत नाही, आणि त्याने फर्मान काढलं की ज्याच्याकडे तांब्याची नाणी असतील त्याने ती खजिन्यात आणावी आणि पूर्ण किमतीची सोन्या-चांदीची नाणी घेऊन जावी. लोकांनी आणली, आणि इतकी आणली की तुघलकाबादेत त्या तांब्याचे डोंगर साचले असं बरनीच म्हणतो. त्यात अस्सल किती आणि घरी पाडलेली किती हे निवडायची काही सोय नव्हती, खजिना रिकामा झाला. याला वेडेपणा म्हणतात. पण मी जेव्हा हे दुसऱ्या बाजूने बघतो तेव्हा मला असं दिसतं की चूक राज्याची होती आणि त्या चुकीची किंमत राज्याने भरली. ज्या शेतकऱ्याने किंवा शिपायाने हुकुमावर विश्वास ठेवून तांबं घेतलं त्याच्या हातात शेवटी चांदी पडली. खोटी नाणी पाडणाऱ्यांचंही फावलं, ते वाईटच, आणि त्यावर मर्यादा घालायला हवी होती, त्यावर पुढे बोलतो. पण ज्याला आपण शहाणपणाचं उदाहरण म्हणतो त्या इंग्लंडच्या १६९६ च्या नाणेसुधारणेशेजारी हे ठेवून बघा.

इंग्लंडमध्ये तेव्हा दोन प्रकारची चांदीची नाणी एकत्र चालत होती. जुनी घणाने ठोकलेली, जरा वेडीवाकडी, कडा अशी नाहीच, त्यामुळे कात्रीने थोडी थोडी कातरून चांदी काढून घेतली तरी पटकन कळायचं नाही. आणि १६६२ पासूनची यंत्रावर पाडलेली, गोल, कडेवर रेघा किंवा अक्षरं असलेली. मोठ्या नाण्यांच्या कडेवर लॅटिनमध्ये ‘डेकस एट टुटामेन’ असं कोरलेलं असायचं, म्हणजे शोभा आणि रक्षण, कारण कड कातरली की अक्षरं जाणार आणि चोरी उघडी पडणार. कल्पना सुंदरच आहे. पण नवीन जाड नाणं आणि जुनं कातरलेलं नाणं एकाच भावाने चालत असेल तर लोक नवीन घरात ठेवणार किंवा वितळवणार आणि कातरलेलं पुढे सरकवणार. तेच झालं. १६९५ ला ट्रेझरीत, म्हणजे सरकारी खजिन्यात, आलेली नाणी तोलून बघितली तेव्हा जेवढी चांदी असायला हवी त्याच्या साधारण निम्मीच भरली.

मग वाद झाला. ट्रेझरीचे सचिव विल्यम लाउंड्स म्हणाले की आता चांदी कमी झालीच आहे तर नाण्याची दर्शनी किंमत वाढवा, पाच शिलिंगांचा क्राउन सव्वासहा शिलिंगांना धरा, म्हणजे सगळ्यांचा धक्का कमी होईल. तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणाले की अजिबात नाही, नाणं म्हणजे त्यातली चांदी, वजन कमी करून तेच नाव ठेवणं म्हणजे ज्याचं देणं आहे त्याला फसवणं. लॉकचं म्हणणं प्रामाणिक होतं आणि त्यात तथ्यही होतं. तेच जिंकलं. ठरलं असं की कातरलेली नाणी सरकार पूर्ण किमतीने घेईल, पण फक्त कर म्हणून किंवा सरकारला कर्ज म्हणून, आणि कराची मुदत ४ मे १६९६ पर्यंत.

इथे थांबून विचार करा की हे कोणाला जमणार होतं. ज्याची जमीन आहे, ज्याला कर भरायचाय, ज्याच्याकडे सरकारला कर्जाऊ द्यायला पैसे आहेत त्याला. त्याने आपली सगळी कातरलेली नाणी आणि वर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कमी भावात गोळा केलेलीही सरकारच्या गळ्यात घातली आणि पूर्ण किंमत वसूल केली. ज्या मजुराच्या हातात आठवड्याची मजुरी म्हणून चार कातरलेली नाणी होती तो सरकारला कर्ज कुठून देणार? त्याला ती मिळेल त्या भावाने विकावी लागली. नवीन नाणी टांकसाळीतून पुरेशी बाहेर येईनात, त्यामुळे त्या उन्हाळ्यात पगार द्यायला पैसे नाहीत, बाजारात मोड नाही, काही ठिकाणी लोक रस्त्यावर उतरले. आणि सरकारला जी सुमारे २७ लाख पौंडांची तूट आली ती भरायला घरांच्या खिडक्यांवर कर बसवला, जो पुढे १८५१ पर्यंत चालला आणि तो वाचवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. इतकं करून हाती काय आलं तर नवीन पाडलेली जड चांदी, जिला बाहेरच्या देशात जास्त भाव होता, ती देश सोडून जायला लागली.

याच वेळी आयझॅक न्यूटन टांकसाळीत वॉर्डन, म्हणजे वरिष्ठ अधिकारी, म्हणून आले. त्यांचं काम मी कमी लेखत नाही. टांकसाळ दिवसरात्र चालवली, ब्रिस्टल, चेस्टर, एक्सेटर, नॉर्विच, यॉर्क इथे तात्पुरत्या टांकसाळी निघाल्या, आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या मागे ते स्वतः लागले, तुरुंगात जाऊन जबान्या घेतल्या, माहितगार पेरले, आणि विल्यम चलोनर नावाचा फार हुशार बनावटगार मार्च १६९९ मध्ये फासावर गेला. गुन्हा राजद्रोहाचा, कारण नाण्यावर राजाचा चेहरा. ही गोष्ट रंगवून सांगायला सगळ्यांना आवडते, एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि त्याच्या समोर एवढा मोठा ठक. पण त्याने खोटी नाणी थांबली का? नाही थांबली. पुढची शंभर वर्षं इंग्लंडमध्ये खोट्या नाण्यांचा सुकाळच होता. आणि शिक्षेचा धाक म्हणाल तर त्याच्याही आधी, ११२४ च्या नाताळात, राजा पहिल्या हेन्रीने नाणी पाडणाऱ्या सरकारी कारागिरांना विंचेस्टरला बोलावून हिणकस नाणी काढल्याबद्दल त्यांचे उजवे हात तोडले होते. त्या मानाने फाशी सौम्यच म्हणायची, आणि तरीही माणसं ते काम करत राहिली, कारण नाण्याची दर्शनी किंमत आणि ते बनवायचा खर्च यातलं अंतर तसंच होतं.

मला सगळ्यात जास्त लागते ती यानंतरची गोष्ट, चिल्लरची. टांकसाळीला तांब्याची छोटी नाणी पाडण्यात कधीच रस नव्हता, ते काम हलकं समजलं जायचं, आणि १७७५ नंतर तर वीसेक वर्षं इंग्लंडच्या टांकसाळीने तांबं पाडलंच नाही. नेमके हेच दिवस कारखाने वाढायचे, हजारो लोकांना आठवड्याच्या आठवड्याला छोट्या रकमेत पगार द्यायचे. सरकार सुटे पैसे देत नाही म्हटल्यावर ते दुसऱ्या कोणीतरी दिले. १७८७ ला तपासणी झाली तेव्हा चलनातल्या अर्ध्या पेनीच्या नाण्यांपैकी शंभरात जेमतेम आठ सरकारी नाण्यासारखी म्हणता येतील अशी निघाली. बाकी सगळी खोटी, हलकी, किंवा नुसत्याच चकत्या. लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. ज्याच्या हातात ती पडायची त्याला रोज संध्याकाळी चूल पेटवायची असायची, तो नाणं नाकारून काय करणार.

एप्रिल १७८९ मध्ये बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांनी एका मंत्र्याला पत्र लिहून कळवलं होतं की टोलनाक्यावर सुटे घेताना सरासरी दोन-तृतीयांश नाणी खोटी येतात. आणि त्यांनी असंही सांगितलं की काही हलके कारखानदार खोटी नाणी पाडणाऱ्यांकडून २० शिलिंगांना ३६ शिलिंगांची नाणी विकत घेतात आणि तीच पूर्ण भावाने मजुरांना पगारात देतात. हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. मालकाने खोटं नाणं खोटं म्हणूनच विकत घेतलं, सवलतीत घेतलं, आणि मजुराला खरं म्हणून दिलं. मजूर ते घेऊन दुकानात गेला तर दुकानदार त्याचं वजन बघून भाव पाडणार. म्हणजे तोटा कुठून सुरू होतो आणि कुठे जाऊन थांबतो हे यात अगदी स्वच्छ दिसतं. त्या पत्राच्या जेमतेम महिनाभर आधी, मार्च १७८९ मध्ये, लंडनमध्ये खोटी नाणी पाडल्याच्या गुन्ह्यासाठी एका बाईला फाशी देऊन मग तिचं प्रेत खांबाला बांधून जाळलं होतं, कारण बायकांना राजद्रोहासाठी तीच शिक्षा होती. ती तशी शेवटची. पुढच्याच वर्षी कायदा बदलला.

बोल्टन यांनी जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात शहाणं काम वाटतं. १७९७ मध्ये त्यांना कंत्राट मिळालं आणि त्यांनी आपल्या सोहोच्या कारखान्यात वाफेच्या यंत्रांवर पेनी आणि दोन पेनीची नाणी काढली. पेनीचं वजन बरोबर एक औंस, दोन पेनीचं दोन औंस, रुंद उंच कड, आणि अक्षरं त्या कडेत खोलवर कोरलेली, म्हणजे झिजली तरी अक्षरं राहतील. एवढं तांबं त्यात होतं की खोटं करणाऱ्याला फार काही सुटू नये, आणि एवढी एकसारखी होती की हाताने ठसा ठोकणाऱ्याला ती जमू नयेत. वजनामुळे लोक त्यांना गाडीची चाकं म्हणायचे. खिशाला जडच होती ती, पण मजुराच्या हातात पहिल्यांदा असं काहीतरी आलं की जे त्याला कोणी तोलून परत करणार नाही.

आपल्याकडे ही तोलून परत करायची गोष्ट वेगळ्या रूपात होती. ‘नावाला बट्टा लागला’ असं आपण म्हणतो, तो बट्टा सराफांचा, म्हणजे नाणं घेताना ते त्याच्या किमतीतून कापायचे तो भाग. बंगालमध्ये सिक्का रुपया पाडला की पहिल्या वर्षी त्याची पूर्ण किंमत, दुसऱ्या वर्षी शेकडा ३ बट्टा, आणि त्यानंतर शेकडा ५. नाण्यावर राजवटीचं कितवं वर्ष ते असायचं, त्यामुळे ते कितव्या वर्षाचं हे कोणालाही दिसायचं. नाणं अस्सल, चांदी तीच, वजनात फारसा फरक नाही, फक्त जुनं झालं. मग तो बट्टा कोण द्यायचा तर रयत, कारण सारा भरायचा तो ठरलेल्या नाण्यात आणि हातात येणार ते बाजारात मिळेल ते. ईस्ट इंडिया कंपनीबद्दल चांगलं बोलायला मला फारसं कारण सापडत नाही, पण एक गोष्ट त्यांनी केली, मुघल बादशहा शहा आलमच्या राजवटीच्या १९ व्या वर्षाचा ठसा धरला आणि पुढे दशकानुदशकं प्रत्येक सिक्का रुपयावर तेच वर्ष पाडत राहिले, म्हणजे जुनं आणि नवं नाणं ओळखूच येऊ नये आणि वर्षाचा बट्टा मागायला जागाच राहू नये. नाण्यावरची तारीख मुद्दाम गोठवली. शेवटी १८३५ ला सगळीकडे एकच १८० ग्रेनचा रुपया आला तेव्हा ही सराफी गणितं हळूहळू मोडली.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. ज्याच्या हातात वाईट नाणं त्याचा तोटा हा नियम पूर्वी फक्त खोट्या नाण्याला लागू नव्हता, झिजलेल्यालाही होता. इंग्लंडमध्ये १८७० चा कायदा सरळ म्हणत होता की वजनात कमी असलेलं सोन्याचं नाणं कोणी दिलं तर घेणाऱ्याने ते कापावं, आणि तोटा देणाऱ्याचा. म्हणजे ते शेकडो हातांतून झिजलं, सगळ्यांनी वापरलं, आणि शेवटच्याने भरायचं. यावर तेव्हाही म्हणायचे की सरकारने झीज सोसली तर लोक मुद्दाम नाणी घासतील, खजिन्याला भगदाड पडेल. पण चांदीच्या बाबतीत १८१७ ला हे करून झालं होतं. फेब्रुवारीत दोन आठवडे देशभर केंद्रं उघडली, लोकांनी गुळगुळीत झालेले, चेहरा पुसलेले शिलिंग आणले आणि मोजून तेवढेच नवे नेले, वजन न करता. नवीन शिलिंग मुद्दाम हलका ठेवला होता, एक ट्रॉय पौंड (चांदी तोलायचं तिथलं माप) चांदीचे ६२ ऐवजी ६६, म्हणजे तो वितळवून फायदा नाही. १६९६ ला जे कर भरणाऱ्यांपुरतं ठेवलं ते १८१७ ला सगळ्यांना मिळालं. सोन्याच्या झिजेचा भार १८९१ च्या कायद्याने सरकारने उचलला. आज फाटकी, भिजलेली नोट बँक बदलून देते आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही, पण ते आपोआप झालेलं नाही, आधी कोणीतरी ठरवलं की झीज ही चलन वापरल्याची किंमत आहे आणि ती सगळ्यांनी मिळून भरावी.

खोट्या चलनाला हाच विचार का लागू नये? ते ओळखू येऊ नये असं नाणं किंवा नोट बनवणं हे सरकारचं काम, त्याचा नफा सरकारला मिळतो, कारण अगदी थोड्या खर्चाच्या कागदावर शंभर-पाचशेचा आकडा छापायचा अधिकार फक्त त्याच्याकडे आहे. आणि त्या अधिकाराची राखण कमी पडली की भुर्दंड मात्र ज्याच्याकडे ना मशीन ना प्रशिक्षण अशा माणसाला. इंग्लंडमधल्या एक पौंडाच्या गोल नाण्याचंच घ्या, १९८३ ला ते आलं तेव्हा त्याच्या कडेवर तेच ‘डेकस एट टुटामेन’ होतं, आणि तरी शेवटी दर तीसपैकी एक नाणं खोटं अशी वेळ आली, म्हणून २०१७ ला बारा कडांचं दोन धातूंचं नाणं काढावं लागलं. सरकारने आपलं नाणं कमी पडलं हे मान्य केलं, नवीन बनवलं, चांगलं केलं. पण तोवर ज्यांच्याकडे खोटी होती त्यांची ती गेली.

पोर्तुगालमध्ये १९२५ ला मात्र वेगळं झालं. आल्वेस रेइस नावाच्या माणसाने खोटी कागदपत्रं करून लंडनच्या वॉटर्लो अँड सन्स या छपाई कंपनीला पटवलं की तो पोर्तुगालच्या मध्यवर्ती बँकेच्या वतीने आलाय, आणि त्यांच्याकडून ५०० एस्कुदोच्या नोटा छापून घेतल्या. छापणारी कंपनी तीच, ठसे तेच, कागद तसाच. म्हणजे खरी आणि खोटी यात फरक करायला डोळे कामाचेच नव्हते. डिसेंबरमध्ये भांडं फुटलं तेव्हा बँकेने ती पूर्ण मालिका मागे घेतली आणि ठराविक दिवसांत जो कोणी ती नोट आणेल त्याला दुसरी नोट पूर्ण किमतीने दिली, तुझी कुठली आणि त्याची कुठली हे न बघता. मग बँकेने लंडनमध्ये छपाई कंपनीवर दावा लावला आणि १९३२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, बँकेला ६ लाख १० हजार पौंडांवर भरपाई दिली. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी सामान्य माणसाचे पैसे दिले, आणि मग ज्याच्या हलगर्जीपणामुळे हे झालं त्याच्याकडून वसूल करायला बँक स्वतः कोर्टात गेली, कारण तिच्याकडे वकील होते, वेळ होता, सात वर्षं थांबायची ताकद होती.

आजच्या नियमाचं आणखी एक वाईट म्हणजे तो सरळ माणसाला वाकडं व्हायला लावतो. समजा तुम्हाला संध्याकाळी पाकिटात एक संशयास्पद नोट सापडली. बँकेत नेली तर ती जाणार, पोलिसांकडे नेली तर ती जाणार आणि वर चार प्रश्न. गप्प बसून कुठल्यातरी गर्दीच्या दुकानात पुढे सरकवली तर वाचली. कायद्याने हे सरकवणं गुन्हा आहे, माहीत असून दिली तर शिक्षा आहे, म्हणजे कायदा तुम्हाला म्हणतो की गुपचूप नुकसान सोसा आणि चांगलं वागा. काही लोक तसं वागतातही. पण बरेच जण दुसऱ्याच्या माथी मारतात, आणि मग ती नोट फिरत फिरत अशा कोणाकडे जाऊन थांबते ज्याला ती ओळखताही येत नाही आणि झेपतही नाही. शिवाय नोट जेवढे जास्त हात फिरली तेवढा तिचा माग पुसला. पहिल्याच माणसाने ती पुढे आणली असती तर ती कुठे मिळाली हे त्याला आठवलं असतं. चीनमध्ये मिंग काळात १३७५ पासून ज्या नोटा निघाल्या त्यांच्यावरच छापलेलं असायचं की बनावटगाराला मृत्युदंड आणि माहिती देणाऱ्याला २५० तैल (चिनी वजन) चांदी आणि वर गुन्हेगाराची मालमत्ता. शिक्षेचा भाग मला नकोच आहे, पण माहितीला किंमत असते आणि ती द्यावी लागते एवढं त्यांना साडेसहाशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

यावर उत्तर ठरलेलं आहे, की सरकार खोट्या नोटेचे पैसे द्यायला लागलं तर बनावटगारच रांगेत उभे राहतील. हा आक्षेप खरा आहे, तुघलकाच्या खजिन्याचं तेच झालं. पण तुघलकाने मर्यादा घातली नव्हती आणि माणूस कोण हे बघायची त्याच्याकडे सोय नव्हती. आज बँकेत खातं आहे, ओळखपत्र आहे, नोंद आहे. वर्षातून एका माणसाला एक किंवा दोन नोटा, ठराविक छोट्या रकमेपर्यंत, स्वतःहून आणून दिल्या आणि कुठून मिळाल्या ते सांगितलं तर भरपाई, एवढंच ठेवा. बनावटगाराचा धंदा गठ्ठ्यांवर चालतो, त्याला वर्षाला दोन नोटांत काय मिळणार, आणि तो नाव-पत्ता देऊन येईल कशाला. उलट ज्या छोट्या दुकानदाराकडे, फेरीवाल्याकडे, घरकाम करणाऱ्या बाईकडे अशी नोट येते त्यांच्यासाठी एक नोट म्हणजे दिवसाची कमाई असते.

खर्चाचंही भय वाटायला नको. युरोपच्या मध्यवर्ती बँकेने २०२३ मध्ये चलनातून काढलेल्या खोट्या युरो नोटा होत्या साधारण ४ लाख ६७ हजार, म्हणजे दर दहा लाख खऱ्या नोटांमागे १६, आणि त्यात २० आणि ५० च्याच जास्त. तेव्हा वीस देशांत चालणाऱ्या चलनाच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे, तिथे नोटा छापून आणि जुन्या जाळून जो खर्च होतो त्यात ती दिसणारसुद्धा नाही. सगळ्याच भरून द्या असंही मी म्हणत नाहीये, गठ्ठ्याने पकडलेल्या यातून वगळल्या तर आकडा आणखी खाली येतो. आणि एकदा का हे पैसे सरकारच्या खात्यातून जायला लागले की नोट बनवणाऱ्या खात्याला दरवर्षी एक आकडा दिसेल, आपली कारागिरी किती कमी पडली याचा, जो आज लोकांच्या पाकिटात विखुरलेला असतो आणि कोणाच्याच हिशोबात येत नाही. त्या पावतीवर आज नोटेचा नंबर असतो आणि जप्त केल्याची तारीख असते, तिथे ‘कुठे मिळाली’ असा एक रकाना आणि त्याच्याखाली ‘परत दिलेली रक्कम’ असा दुसरा, एवढ्याने सुरुवात करता येईल.